पडद्याचा मधला पट्टा

ता. ९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं वयच कुरकुरायचं आहे. अक्षर वेडंवाकडं दिसेल. कागदावर पट्टी धरून तिच्या कडेकडेनं लिहिते आहे. शेजारची मुलगी म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. तिला म्हटलं, हे सांगून लिहून घेण्यातलं नाही.

तू पाठवलेलं भाषण तिनंच मला वाचून दाखवलं. रविवारी शिवणशाळेच्या मुलींसमोर तू ते वाचणार, मला मंचावर बसवणार, गाडीही पाठवणार. छान लिहिलं आहेस. लहानपणी चार ओळींच्या निबंधासाठी माझं डोकं खायचीस, आता चार पानं लिहितेस. "माझ्या एका निष्काळजीपणासाठी ताईनं मला दुकानातून काढलं नसतं, तर आज माझ्या हाताखाली चाळीस बायका नसत्या," हे वाक्य मी दोनदा वाचून घेतलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असंही लिहिलं आहेस. खरं असेल. पण टाकी धरणाऱ्याला निदान मूर्ती घडवायची असते. मला काही घडवायचं नव्हतं, चिमे. मला स्वतःला वाचवायचं होतं.

नाट्यगृहाचा तो मखमली पडदा तू विसरणं शक्यच नाही. बारा पट्टे मी कापले, तू जोडलेस. मखमलीची लव सगळ्या पट्ट्यांत एकाच दिशेला हवी, नाहीतर दिव्याखाली एखादा पट्टा वेगळ्याच रंगाचा दिसतो. म्हणून लवेची दिशा दाखवायला मी प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर खडूनं बाण काढायचे, आणि तू त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचीस. पडदा टांगला, दिवे लागले, आणि मधला एक पट्टा काळपट दिसला. व्यवस्थापकानं सगळ्यांसमोर विचारलं, चूक कोणाची? तू एवढंच म्हणालीस, "बाण होता तसाच मी जोडला. पाठीमागून बघा."

बघायला आधी मी गेले.

बाण उलटा होता. माझ्याच हातचा. डोळ्यांपुढे धुकं यायला लागून तेव्हा सहा महिने झाले होते. लव हात फिरवून बघायची असते, हे मीच तुला शिकवलं. पण नजर शाबूत आहे हे मला स्वतःला पटवायचं होतं, म्हणून मी नुसतं बघून बाण काढत होते. हे बाहेर कळलं असतं तर मला कापायला कोणी कापड दिलं नसतं. मी बाहीनं तो बाण पुसला, खिशातल्या खडूनं बरोबर दिशेचा काढला आणि मग व्यवस्थापकाला आत बोलावलं.

तू तो बाण पाहिलास, मग माझ्याकडे पाहिलंस. तुला स्वतःचीच शंका आली. ती शंका तू आजवर बाळगलीस, हे मला परवा भाषणातून कळलं.

तू गरोदर होतीस, नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती. तरी त्याच आठवड्यात मी तुला काढलं. पुढचं तू भाषणात दोन ओळींत उरकलं आहेस: ओलसर खोली, घरी आणलेली शिलाई, "आणि त्याच खोलीत आमची छकुली गेली." ती ओळ वाचताना शेजारची मुलगी थांबली. मी तिला पुढे वाच म्हणाले.

संकटानं माणूस घडतो म्हणतात. संकट माझ्यावरही आलं होतंच. त्यानं मी काय झाले, ते तू आता वाचते आहेस. हिंमत तुझी होती, आणि ती आधीपासून होती. तिचं श्रेय मला देऊ नकोस.

रविवारी गाडी पाठवू नकोस. भाषणातून मला काढ आणि निष्काळजीपणाचा शब्दही खोड. शाळेत कोणाला खरं सांगायचं असेल तर सांग, माझी ना नाही.

काही मागायचा हक्क नाही, तरी विचारते. छकुली दहा महिने जगली. तेव्हा माझे डोळे कामापुरते चालत होते, पण तुझ्यासमोर उभं राहायची छाती झाली नाही, म्हणून मी तिला एकदाही बघायला आले नाही. ती दिसायला कशी होती, ते मला कधीतरी सांगशील?

तू म्हणू देशील तोवर,
तुझी ताई