दोन गोठ्यांमधली शांतता

८ जानेवारी २०२५

प्रबंधाचं प्रकरण तिसऱ्यांदा परत! नरहरी सरांनी लाल पेनानं दोनच शब्द लिहिलेत — "कारण कुठाय?" पाच वर्षं ते माझे मार्गदर्शक आहेत, आणि पाच वर्षांत त्यांनी माझं लिखाण वाचल्याचा हा पहिला पुरावा.

विषय सांगायला सोपा. मुळशीतली दोन गावं. दोन्हीकडे जमिनीचे भाव एकदम चढले. एका गावात भावकीनं एकमेकांवर कोयते चालवले, गोळ्या झाडल्या, चार माणसं गेली. दुसऱ्या गावात काहीच नाही. का नाही? युद्ध का पेटतं यावर जगभर ग्रंथ पडलेत. ते का पेटत नाही यावर लिहिणार मी — भुकूमच्या भाड्याच्या खोलीत, वाळत घातलेल्या ओढण्यांखाली बसून.

इंद्रजित — संशोधन केंद्रातला सहकारी, परदेशात एक परिषद करून आल्यापासून नाकातून बोलतो — म्हणाला, "तुझं बरंय धम्मदीपा, शांत गाव तुझंच. फील्डवर्क म्हणजे माहेरपण." गाढव! माझं माहेर गावकुसाबाहेरच्या वस्तीत आहे, गावात नाही. त्याला काय समजावणार.

१२ जानेवारी

गावातल्या दोन मोठ्या घरांची कुंडली आज पुन्हा मांडली. हैबतराव आणि वाल्मीक. सख्खे चुलतभाऊ, भिंतीला भिंत. नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. लग्नाला नाही, मयताला नाही. तरी नऊ वर्षांत कुणी बोट उगारलेलं नाही. जमीन सामाईक, विकायला दोघांच्या सह्या लागतात. बिल्डर येतात, चहा पितात, परत जातात.

नक्की काय अडवतंय यांना? संस्कार?? हैबतरावाला संस्कार म्हणजे सत्यनारायणाला घालायचं जाकीट!

१९ जानेवारी

आत्याकडे गेले. चांगुणाआत्या, बाबांची थोरली बहीण. सदुसष्ट वर्षांची, एकटी. अजून त्याच दोन घरांच्या गोठ्यांत शेण काढते. किती वेळा सांगितलं, सोड. मी परिसंवादात शोषणावर तासभर बोलते आणि आत्याशेजारी बसले की ओढणी सावरून घेते. लाज वाटते मला तिची. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहिलं.

प्रश्नावली काढली, रेकॉर्डर लावला. संमतीपत्रावर तिनं पानभर मोठी सही केली आणि पेन परत देताना पदराला पुसून दिला.

प्रश्न बारा — गावात कधी हत्यारांनी भांडण झालं का? "न्हाई."

प्रश्न तेरा — का झालं नसावं?

आत्यानं रेकॉर्डर थोडा लांब सरकवला. मग म्हणाली, "मी हुऊ दिलं न्हाई."

नऊ वर्षांपूर्वी हैबतरावाच्या गोठ्यात वैरणीखाली गोणपाट होतं. आत कोयते आणि एक गावठी कट्टा. वाल्मीकच्या गोठ्यातही तसंच गोणपाट. आत्यानं एका सकाळी दोन्ही उचलली. पाटीत खाली हत्यारं, वर शेण. आधी या घरातून, मग त्या घरातून. पार दगडखाणीच्या पाण्यात टाकून आली. "श्यानाच्या पाटीत कोन हात घालतंय!" म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली.

कट्टा गेला म्हणून पोलिसात कोण जाणार? हैबतरावाला वाटलं वाल्मीकनं चोरला, वाल्मीकला वाटलं हैबतरावानं. प्रत्येकाची खात्री — माझीही हत्यारं त्याच्याकडे, त्याचीही त्याच्याकडे. म्हणून बोलणं बंद आणि हातही बंद.

निघताना माझं मनगट धरून म्हणाली, "कुटं बोलू नगं, दीपे."

म्हटलं, "नाव बदलते ना, आत्या."

२० जानेवारी

कारण सापडलं!!!

३ फेब्रुवारी

सर उठून उभे राहिले! पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी चहा मागवला. "ही पाटी म्हणजे तुझा प्रबंध आहे," म्हणाले. मी आत्याचं नाव शेवंता केलं, वय पाच वर्षांनी कमी केलं, गावाला फक्त 'ग' म्हटलं. शेणाची पाटीही बदलू का, असं विचारलं. "वेडी आहेस? तीच तर जान आहे. भाकरीची टोपली केलीस तर कोण लक्षात ठेवील?"

त्यांचं बरोबर आहे. मलाही बदलायची नव्हती.

१४ फेब्रुवारी

नैतिकता समितीचं पत्र. अभ्यासाचे निष्कर्ष गावाला मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक. फोटो जोडावेत. सह्यांचा कागद जोडावा. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत देणं हे आपलं कर्तव्य आहे वगैरे. समितीतल्या एकानंही पौडच्या पुढे कधी पाऊल टाकलेलं नसणार.

२३ फेब्रुवारी

वाचलं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात, माईकवर. पुढच्या खुर्च्यांवर हैबतराव डावीकडे, वाल्मीक उजवीकडे. मागे बायका. आत्या दाराशी, चपला ठेवतात तिथे. मी पुढे बोलावलं नाही.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. याच सभागृहाबाहेर मी लहानपणी ध्वजवंदनाच्या गोळ्यांसाठी शेवटी उभी राहायचे. आज सगळे गप्प बसून माझं ऐकत होते. "ग गावातील शेवंता नावाची, दोन्ही घरांचे गोठे साफ करणारी स्त्री..."

इथवर आले आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

दोन्ही घरांचे गोठे गावात एकच बाई साफ करते. नाव बदललं, वय बदललं, गाव बदललं — बाई तीच ठेवली! मला ते वाचतानाच कळलं. थांबता आलं असतं. दोन पानं उलटून पुढे जाता आलं असतं. पण पुढचा परिच्छेद सगळ्यात चांगला उतरला होता. वाचला.

हैबतरावानं मान वळवून वाल्मीककडे पाहिलं. नऊ वर्षांनी. मग दोघं हसले. आधी हळू, मग मोठ्यानं. वाल्मीकनं उठून त्याला मिठी मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढला. समितीला हवाच होता.

"लई झ्याक वाचलंस पोरी," हैबतराव मला म्हणाला. "नऊ वर्सं फुकाट घालवली आमी."

दाराशी आत्या नव्हती. तिच्या चपला होत्या.

२ मार्च

गावात बोकड पडला. दोन्ही घरं एका पंगतीला. सरांना फोटो पाठवला. उत्तर — "अप्रतिम! उपसंहारात घे. संशोधनातून समेट!"

आत्याला दोन्ही गोठ्यांतून काढलं. फोनवर म्हणाली, "बरं झालं, तूच म्हनायचीस सोड." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

९ मार्च

पिरंगुटला बस बदलून वस्तीवर गेले. आत्याच्या दारात शेणाच्या दोन ट्रॉल्या ओतलेल्या. उंबरा दिसत नव्हता. पहाटे एका घराचा ट्रॅक्टर आला, मागोमाग दुसऱ्याचा. जाताना कुणीतरी ओरडलं, "घाल हात आता!"

आत्या पाटीनं उपसत होती. मी फावडं घ्यायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुला सवय न्हाई." मी राहू दिलं. बाजेवर बसून पाहत राहिले. शी! काय बाई आहे मी.

१८ मार्च

दोघांनी सह्या केल्या, जमीन विकली. तारेचं कुंपण पडतंय. वस्तीची वाट त्या जमिनीतून जाते — शाळेची, बसची, विहाराची, सगळ्यांची तीच. पंचायतीत कुणी बोललं नाही. वस्तीतली पोरं म्हणतात, तार तोडू.

सरांना विचारलं, हे प्रबंधात घेऊ का. "नको. तो वेगळा विषय. तुझे दोन पक्ष कोण? दोन भाऊ. त्यांच्यात शांतता आहे. संपलं."

२२ मार्च

पाटीवरचा माझा शोधनिबंध नियतकालिकानं स्वीकारला. इंद्रजितनं अभिनंदन केलं. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आज तरी बरं वाटायला हवं होतं.

२५ मार्च

हैबतरावाची बायको, रत्नाबाई, भर दुपारी मागल्या अंगानं आत्याकडे आली, मी तिथेच होते. आयुष्यात पहिल्यांदा वस्तीत पाऊल. बसली नाही, पाणीही घेतलं नाही. "चांगुणा, दोनी गोठ्यांत परत गोनपाटं आल्याती," एवढंच म्हणाली आणि पदर ओढून गेली.

मला काही समजेना. आत्याला म्हटलं, "पण आता कुठे भांडण आहे त्यांचं? आता कशाला मारतील एकमेकांना?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. शाळेत नापास झाले होते तेव्हा बघितलं होतं तशी.

"एकमेकांस्नी कशाला मारत्याल? तवाबी ते एका ताटात जेवायचे. जमीन इकायची म्हनून वाट बंद करायची हुती त्यास्नी. ती हत्यारं वस्तीसाठी आनलेली, दीपे. म्हनून तर मी दोनी घरातनं काढली, आन एकमेकांवर संशय घेऊ दिला. तू 'का झालं न्हाई' इचारलंस, तेवढं सांगितलं. कुनासाठी आनलेली, ते तू इचारलंच न्हाईस."