बाईंनी शिकवलेली भाषा

बाई, दालचिनीचा वास आला की मी पुण्यात तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. तुम्ही केकसाठी सफरचंदं चिरताय, मी समोर जर्मन क्रियापदं म्हणतेय, आणि चूक झाली की चिरता चिरता तुम्ही नुसती भुवई उचलताय. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही जर्मनीला परत का नाही जात?" तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "असं सहज विचारू नये," म्हणालात, आणि मग स्वतःच सांगितलंत. कैक शतकांपूर्वी प्लेगच्या काळात विहिरीत विष टाकल्याचा आळ घेऊन तुमच्या गावच्या ज्यूंना जाळलं होतं. उरलेल्यांना कैक पिढ्या वेगळ्या गल्लीत कोंडलं. पुढे आजोबांना बरोबरीचे हक्क मिळाले, वडील पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढले. "आम्हाला वाटलं, संपलं सगळं." मग एके सकाळी शाळेतली जिवलग मैत्रीण तुमच्या शेजारून उठून दुसऱ्या बाकावर गेली. तुम्ही एकट्या निसटलात, आईवडील छळछावणीतून परतले नाहीत. "पण भाषा माझी आहे. ती त्यांना नाही देणार."

त्याच भाषेवर मला इथे नोकरी मिळाली. शारजात रोल्ला भागात घर, जवळच्या उम्म अल कुवैन अमिरातीत एका जर्मन कंपनीचा कारखाना, तिथे मी भाषांतरं करायचे. मंदी आली, रोज एकेक टेबल रिकामं होऊ लागलं. एक दिवस जर्मन मॅनेजरनी बोलावलं. समोर कपातीची यादी होती.

"तुमचं जर्मन माझ्या आजीसारखं आहे. कुठे शिकलात?"

"पुण्यात. एक जर्मन बाई होत्या."

"त्या तिकडे कशा पोचल्या?"

माझी नजर यादीवर. "त्यांना भारत आवडायचा," मी म्हणाले.

माझं नाव यादीत आलं नाही. दोन महिन्यांनी मात्र कारखानाच बंद झाला, खलास. शेवटच्या दिवशी मॅनेजर बसपर्यंत आले. "त्या बाई ज्यू होत्या ना? मला सांगायला हवं होतंत." मी मान हलवली. त्यांनी तुमचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी ते हळूच, वेगळ्याच उच्चारात पुन्हा म्हटलं, आणि ते ऐकून मी चपापले.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार! पण एक कबूल करते. तुमचं आडनाव मी इतकी वर्षं चुकीचंच उच्चारत होते, बाई. माझा प्रत्येक स्वर सुधारणाऱ्या तुम्ही तेवढं एक कधीच सुधारलं नाहीत.