तमालपत्राची सोयरीक

गॉलवे, आयर्लंड
फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप दादास,
वसुधाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल, गुडघा कुरकुरत असेल आणि वहिनी सांगते म्हणूनच तू त्याला तेल लावत नसशील, असं धरून चालते. वहिनीला नमस्कार. मी खुशाल आहे. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले ती टाळेबंदीत अडकून वर्षभर इथेच आहे, पण माझी तक्रार नाही. (पावसाबद्दल आहे, पण ती ऐकायला इथे कोणी रिकामं नाही, जो तो तीच करत असतो.) पत्राचं कारण एवढंच, की परवा फोनवर मी ‘कोका’ म्हणाले आणि तू फोन आपटलास. सगळी नोकरी दारूबंदीच्या खात्यात झालेल्या माणसाचं डोकं फिरणारच, मला कळतं. पण फोन आपटता येतो, पत्र आपटलं तरी मजकूर तसाच राहतो. तेव्हा चष्मा लाव आणि नीट बस.

तर आशुतोषचं लग्न. तुझ्या कानावर एवढंच पडलं, की मुलगी परदेशातली आणि तिची आजी कोका खाते. दोन्ही खरं आहे. मुलीचं नाव लुसमिला. आशुतोषच्याच कारखान्यात हृदयात बसवायच्या नळ्या तपासते. पेरू देशातली, पार वरच्या डोंगरातली, आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवली. कामाला चटपटीत आहे, आणि आपल्या आशुतोषला ‘नंतर करतो’ हे शब्द विसरायला लावलेत, जे मला तीस वर्षांत जमलं नाही. मला ती आवडली आहे. हे गेल्यापासून मी या मुलाचं काही मनासारखं केलं नाही, आता हे करणार म्हणजे करणार. तुला विचारत नाहीये, कळवते आहे.

आता ते पान. दादा, तू जन्मभर हातभट्ट्या फोडल्यास, पण कधी गुळाच्या ढेपेला बेड्या घातल्यास का? तसंच आहे हे. या पानापासून काढतात ती पांढरी पूड, कोकेन, निराळी, तिच्यामागचे धंदे निराळे. तिथल्या डोंगरात कोकाचं पान म्हणजे माणसाची रीतभात आहे. दोघं वाटेत भेटले की आपापल्या विणलेल्या पिशवीतून आधी एकमेकांना पानं देतात आणि मग बोलतात. (आपल्याकडे आधी बोलतात आणि मग चहाचं विचारतात, तेही उठायची वेळ झाली की.) शेतावर माणसं आली की आधी पानं, मग कुदळ. पाहुणा खालून चढून आला आणि विरळ हवेने त्याचं डोकं गरगरलं, की पानांचा चहा. एरवी ती गालात धरून बसायचं, सोबत राखेचा खडा, आपण पानाला चुना लावतो तसा. थंडी, चढण, उपास, सगळं त्यावर निभतं. आणि मागणी घालायला वराकडची वडीलधारी माणसं पानं घेऊनच जातात. मुलीच्या माणसांनी ती घेऊन तोंडात टाकली की होकार, बाजूला ठेवली की आपली आपण वाट धरायची. आपली सुपारी फुटते ती यापेक्षा काय वेगळी?

तर आजीचं, म्हणजे सातुर्निनाबाईंचं म्हणणं असं, की मागणी रीतीने पानं घेऊन आली तरच विचार होईल. आशुतोष म्हणाला, “आई, इट्स ग्रँड, आम्ही रजिस्टर करून टाकतो ना!” (इथे सगळंच ‘ग्रँड’ असतं, भात करपला तरी.) लुसमिलाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून न सांगता कपबशा विसळायला गेला. आजीच्या होकाराशिवाय ती लग्न करणार नाही, आणि मला ते पटलं. अडचण अशी की विमानं बंद, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, आणि कोकाचं साधं पानही या देशात आणणं गुन्हा. (बघ, मी चौकशी केली. बहीण तुझीच आहे.) शेवटी ठरलं ते असं, की पडद्यापुढे बसून मी इकडून पान धरायचं आणि बाईंनी तिकडे आपल्या पिशवीतलं उचलायचं. पण मी धरायचं कुठलं पान?

पहिल्यांदा शेजारच्यांच्या कुंपणाची पानं मला फोटोतल्या कोकासारखी वाटली. नऊवारीवर आशुतोषचा रेनकोट, तोंडाला मास्क, अशी मी कुंपणात हात घालून उभी, तर त्या घराचा मालक बाहेर आला. म्हातारा फार सज्जन. मी काय शोधते आहे ते त्याने विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, की मुलाच्या लग्नासाठी पानं हवी आहेत, चावायची आहेत. त्यावर त्याने अगदी शांतपणे सांगितलं, की ही पानं विषारी आहेत, आणि लग्न इतकं वाईट असेल तर मुलाशी एकदा बोलून पाहावं. नागवेलीची पानं तर विमानांबरोबरच बंद झालेली. मग स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मीही म्हणायला लागले) मसाल्याच्या डब्यात हात घातला आणि थबकले. आपलं तमालपत्र! इतकी वर्षं शाळेत मुलांना पानाच्या शिरा शिकवल्या, माझी नजर चुकणार नाही. तमालपत्राला देठापासून तीन शिरा निघतात, मधली आणि दोन बाजूंच्या. कोकाच्या पानालाही मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना तशाच दोन रेघा असतात. मी तीन अख्खी पानं निवडली, ओल्या फडक्याने पुसली आणि पैठणी नेसले.

रविवारी बाई पडद्यावर आल्या. डोक्यावर उंच टोपी, दोन वेण्या, आणि चेहऱ्यावर आपल्या मामींसारखा भाव, म्हणजे ‘बघू काय दिवे लावता’. त्यांची तीन पानं पंख्यासारखी बोटांत धरलेली. त्यांनी त्यावर हलकी फुंकर घातली आणि आपल्या डोंगराचं नाव घेतलं, औसंगाते; त्यांच्याकडे डोंगर म्हणजेच देव. मग माझी पाळी. दादा, देवाला द्यायच्या वस्तूवर फुंकर! आईने पाहिलं असतं तर तिने मला विहिरीवर नेऊन आंघोळीला उभी केली असती. पण मी फुंकले. डोंगर कोणता म्हणून विचारलं तेव्हा सांगलीची मी, मोठं नाव कुठून आणणार? दंडोबाचं घेतलं. त्या डोंगराला सबंध जन्मात एवढा मान मिळाला नसेल.

मग मी ते पान गालात धरलं आणि चावलं. वाळलेलं तमालपत्र तू कधी चावलं आहेस का? चावू नकोस. घशात अडकलं, डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात, आशुतोष पाठीवर थापट्या मारतोय, आणि तिकडे बाई पोट धरून हसताहेत. लुसमिलाने भाषांतर करून सांगितलं, “आजी विचारतेय, हे शिजवता कशात?” मी म्हटलं, मसालेभातात. त्या म्हणाल्या, बरं केलंत, खोटं कोका आणण्यापेक्षा आपल्या मुलखाचं पान आणलंत. दादा, तिथे मला वाटलं की जिंकलो.

पण बाईंनी कांबळं पसरलं आणि मूठभर पानं त्यावर सोडली. ती कशी पडतात त्यावरून त्या घर वाचतात. (मी विज्ञानाची शिक्षिका आहे. माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी मी खुर्चीच्या कडेवर सरकले.) सगळी पानं हिरवी बाजू वर करून पडली, एकच पालथं, एका अंगाला. बाईंनी विचारलं, तुमच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही? मी ताडकन म्हणाले, छे, कोणी नाही, आमचं घर फार मायेचं. लुसमिलाने ते सांगितलं, पण खाली बघून. बाईंनी तोंडाशी नेलेली तीन पानं परत कांबळ्यावर ठेवली, नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं आहे. मी हटणार नाही. लागलं तर डबाभर तमालपत्र चावीन.

गुडघ्याला तेल लाव. वहिनीला सांग, मी तिची रोज आठवण काढते.

तुझी धाकटी बहीण,
वसुधा

ता. क. तुला विचारत नाहीये असं वर लिहिलं ते खरं नाही. हे गेल्यापासून आमच्या घरातला मोठा तूच आहेस. रविवारी पान धरायचा मान तुझा आहे. इस्त्रीचा शर्ट घाल.

ता. क. आणखी एक. बाईंना खोटं सांगून मला झोप लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी लुसमिलाकरवी खरं कळवलं, की माझ्या भावाची मुलगी मेधा, तिने नरेशशी आपल्या मनाने लग्न केलं आणि तेव्हापासून बापाने तिच्याशी बोलणं टाकलं आहे. बाईंचं उत्तर आलं. ज्या घरात पोटच्या लेकीला दार बंद आहे, त्या घरात मी माझी नात कशी पाठवू? दादा, याचं उत्तर द्यायचं काम तुझं. ते रविवारी तू स्वतः त्यांना दे.

ता. क. शेवटचं. आशुतोष या पत्राचे फोटो मेधाला पाठवतो आहे. तीच ते छापून आणणार आणि तुझ्या हातात द्यायला खालच्या मजल्यावरच्या रमेशना देणार. तू हे वाचतोयस तेव्हा ती तुझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आहे. तू सगळं वाचेपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही, असं मी तिला बजावलंय. तुझं वाचून झालंय. हाक मार.