पेंग्विनांच्या गोष्टीतला आवाज

प्रिय दादा,

रविवारी मी तुला आई झोपलीय म्हणाले, ते खोटं होतं.

आईने काय काय बघावं याची यादी पाठवण्यात तुझा हात कुणी धरू शकणार नाही. मी सगळं लावून पाहिलं. मालिकेत खून झाला की आई पोलिसांना बोलाव म्हणून माझ्यामागे लागते. स्वयंपाकाच्या स्पर्धेत कुणी रडलं की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. लागू पडली ती एकच, पेंग्विनांची डॉक्युमेंटरी. पहिल्याच दिवशी तिने माझं मनगट पकडलं. "अगं, हा तर आपला दादा बोलतोय!"

निवेदकाचा आवाज तुझ्यासारखा अजिबात नाही. पण तिला कोण सांगणार? ती त्याला जेवलास का विचारते, बर्फात कानटोपी घाल म्हणते. तो बोलत असेपर्यंत शहाण्यासारखी गोळ्या घेते. म्हणून मी रोज तेच लावते.

रविवारी तुझा फोन आला, तेव्हा मी तो स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला. तू "आई" म्हणालास. तिने टीव्हीवरची नजर न काढता माझ्या कानात विचारलं, "कोण गं हा? ठेव म्हणावं, माझा मुलगा बोलतोय."

आता ही डॉक्युमेंटरी तीस तारखेनंतर दिसणार नाही, असं पडद्यावर येतंय. तू कधी येणार हे विचारून मी दमले. त्या निवेदकाने आणखी कशाकशाला आवाज दिलाय तेवढं शोधून कळव, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?

तुझी,
धाकटी