दुसरा सुका

वाणगाव, १० जानेवारी १९६८

डॉ. सबनीस यांस,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ५ डिसेंबरला मी पाड्यावर घरटी एक पुरुष, अशा अडतीस जणांचं रक्त घेतलं.
२. त्यांपैकी दोघांचं नाव सुका कुऱ्हाडा. दोन्ही नळ्यांवर मी नुसतं ‘सुका’ लिहिलं.
३. त्यातली एक नळी निळीच राहिली. ती कोणाची, हे मी अंदाजाने ठरवलं.
४. अंदाज चुकला. ज्याला गोळ्या द्यायच्या नव्हत्या त्यालाच त्या दिल्या गेल्या. तो २४ डिसेंबरला वारला.
५. त्यानंतर मी वहीत खोटी नोंद केली.
६. त्या नोंदीच्या भरवशावर येत्या सोमवारी, १५ तारखेला, त्याच्या घरातल्या, त्याच्याच रक्ताच्या चौघांना त्याच गोळ्या दिल्या जाणार आहेत.
७. सातवं मला क्रमाने लिहिता येत नाही. म्हणून रोजनिशीची पानं जोडते आहे. काही वगळलेलं नाही.

२ डिसेंबर १९६७, शनिवार

दुपारी वाणगावला उतरले. पेट्या उघडून पाहिल्या तर एकही नळी फुटलेली नव्हती. सूक्ष्मदर्शक गादीत गुंडाळून आणला होता, तोही शाबूत. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानेसुद्धा झाला नसेल. स्वतःची प्रयोगशाळा, मग ती दोन खोल्यांची आणि कौलारू का असेना.

घरमालकीण जमनाबाई चिंचणीच्या. तिथून सुके बोंबील आणून इथल्या बाजारात विकतात. माझ्या पेट्यांकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, “रगत काढून करतेस काय गो? शिजवतेस?” मी म्हटलं, कोमट पाण्यात ठेवते. त्या म्हणाल्या, “मंग शिजवतेसच की. मीठ लागलं तर माग.”

खिडकीपाशी टेबल लावलं. त्यावर पाण्याचं पातेलं, खाली रॉकेलची बत्ती, पाण्यात तापमापक. अर्ध्या तासात पारा सदतीस अंशांवर स्थिर झाला.

४ डिसेंबर, सोमवार

हिवताप पथकाचे नामदेव येऊन गेले. पाड्यापाड्यांवर जाऊन गोळ्या वाटणं हे त्यांचं काम. त्यांना माझं काम समजावून सांगितलं. तांबड्या पेशीत एक द्रव्य असतं, ते पेशीला आतून सांभाळतं. काही घराण्यांत ते जन्मतःच कमी असतं. एरवी माणूस धडधाकट, शेती करतो, झाडावर चढतो. पण हिवतापावरची ती एक गोळी सलग काही दिवस पोटात गेली, की त्याच्या पेशी फुटायला लागतात. दोष आईकडून मुलाकडे येतो. रक्ताच्या थेंबात निळा रंग घालून कोमट ठेवायचं. द्रव्य असेल तर दोनएक तासांत निळा रंग उडतो. नसेल तर नळी निळीच राहते.

नामदेवांनी विचारलं, म्हणजे निळा त्याला गोळी नाही? मी म्हटलं, बरोबर, मी तुम्हाला यादी देईन. ते म्हणाले, “ताई, तुमच्या यादीबाहेर मी जाणार नाय.”

५ डिसेंबर, मंगळवार

पाडा इथून पूर्वेला तासाभराच्या चालीवर आहे. लोक भिडस्त, पण बोट पुढे करायला कोणी नकार दिला नाही. डाव्या हाताची अनामिका, एक टोचणी, पुढचा. अडतीस झाले. चेहरे एकही आठवत नाही. मी बोटंच पाहत होते.

इथे जन्मवारावरून नावं ठेवतात. शुक्रवारचा सुका, बुधवारची बुधी. पाड्यावर जवळजवळ सगळेच कुऱ्हाडा, त्यामुळे मी आडनाव लिहिण्यात वेळ घालवला नाही. नळीवर नाव, घरी येऊन वहीप्रमाणे क्रमांक, असं केलं.

रात्री आठला सदतीस नळ्यांचा रंग उडाला होता. एक निळी. तिच्यावर ‘सुका’. रंग उडालेल्या एकीवरही ‘सुका’. वहीत सुका दोन, क्रमांक १९ आणि २७.

उद्या परत जाऊन दोघांची बोटं पुन्हा टोचता येतील. पण अहवाल उद्याच्या टपालात जायचा आहे. दोघांतला एक किडकिडीत होता, खोकत होता. निळी त्याची धरली. सत्तावीस.

७ डिसेंबर, गुरुवार

नामदेवांना यादी दिली. गोळी देऊ नये: सुका कुऱ्हाडा, खोकणारा. बाकी सर्व चालेल. घरटी एकच माणूस तपासलेला असल्याने त्याचा निकाल तोच घराचा धरायचा, असं मीच सुचवलं.

१९ डिसेंबर, मंगळवार

पाड्यावर ताप आहे. ज्यांना ताप, त्यांना कालपासून गोळ्या सुरू झाल्या. त्यात एकोणीस क्रमांकाचा सुका आहे. त्याला सहा दिवस त्या गोळ्या मिळतील.

२३ डिसेंबर, शनिवार

नामदेव धावत आले. सुकाची लघवी काळी होते आहे म्हणाले. कोऱ्या चहासारखी. मी लगेच निघाले.

तो घोंगडीखाली होता. बायको नवसी पायाशी, आई बायडी उशाशी. मी पापणी ओढून पाहिली, आत पांढरं. डोळे पिवळे. मी रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. नवसीने विचारलं, “बाय, याचं रगत तू बघितलं होतं ना? चांगलं हाय बोललीस ना?” मी हो म्हणून मान हलवली. गोळी बंद करा, एवढं म्हणाले. कारण सांगितलं नाही.

घरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशींच्या जागी नुसत्या कडा. आतलं तांबडं बाहेर वाहून गेलेलं. पाण्यावर तरंगणारी रिकामी कडी दिसावीत तसं, काचभर.

निळी नळी त्याची होती.

२५ डिसेंबर, सोमवार

काल पहाटे तो गेला. पालघरच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली होती, म्हणे.

नामदेवांनी मला सरळ विचारलं, गोळीनेच झालं का? मी म्हटलं, नाही, रक्त चांगलं होतं, उशीर झाला म्हणून गेला. मग दार लावून वही काढली. क्रमांक १९ समोर लिहिलं: ‘पुन्हा तपासले. चांगले.’ शाई आणि अक्षर दोन्ही पहिल्यासारखंच जमलं. ते किती सहज जमलं, याची मला लाज वाटते. हेही इथे लिहून ठेवते.

२९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आठला एक माणूस पायरीवर येऊन उभा राहिला. उन्हाकडे पाठ. म्हणाला, “माझी सुई राहिली, बाय.” मी नाव विचारलं. म्हणाला, सुका.

म्हणजे दुसरा. सत्तावीस. मला बरंच वाटलं. याचं रक्त पुन्हा पाहिलं तर निदान माझी खात्री होईल. डावी अनामिका त्याने आपणहून पुढे केली. टोचली. थेंब आला तो जवळजवळ रंगहीन. सुई ओली राहिली असावी. नळीत घातला, रंग घातला, दोन तास थांबले.

निळी.

दोघेही तसेच असू शकतात. एकाच पाड्यावर, एकाच कुळात, अशक्य नाही.

१ जानेवारी १९६८, सोमवार

तो पुन्हा आला. तेच वाक्य. सुई कोरडी करून घेतली होती. थेंब पुन्हा पाण्यासारखा. काचेवर नुसत्या कडा.

असं रक्त असलेला माणूस तासभर चालून येऊ शकत नाही.

जमनाबाईंनी ओरडून विचारलं, “सकाळचं दार सताड उघडं टाकून कोणाची वाट बघतेस गो? थंडी आत येते.” मी म्हटलं, रुग्ण आहे. त्या म्हणाल्या, “खयं हाय?” पाहिलं तर पायरीवर कोणी नव्हतं. तो मागच्या बाजूने गेला असेल.

५ जानेवारी, शुक्रवार

रोज येतो. रोज आठला. मी रोज टोचते. नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

आज पाड्यावर गेले. मयताच्या घरी त्याच्या रक्ताचे चौघं आहेत: भाऊ भिका, आई बायडी आणि वारलेली बहीण पारू हिचे दोन मुलगे. दोष आईकडून आलेला, म्हणजे बायडीला, भिकाला असू शकतो, पारूच्या मुलांनाही. चार बोटं टोचायची, दोन तास थांबायचं, बस्स. भिकाने हात मागे घेतले. “सुकाचं घेतलंस, त्याचं काय झालं? आता नाय देणार.” मी म्हटलं, मग निदान गोळ्या घेऊ नका. तो हसला. “तूच बोललीस ना, आमचं रगत चांगलं हाय? नामदेवभाऊ बी तेच बोलला. पोरांना थंडी वाजून येते, बाय. गोळी नाय घ्यायची तर काय तुझी सुई खायची?”

बायका हसल्या. नवसी हसली नाही.

निघताना मी विचारलं, तो दुसरा सुका बरा आहे ना, रोज इतकं चालून येतो. भिका म्हणाला, “कोणता? खोकतो तो? तो गवत कापायला गेला ना. तुझी सुई झाली नि दुसऱ्या दिवशी गेला. बायकापोरं घेऊन. होळीला येल.”

६ जानेवारी

आठला दार लावून घेतलं. कडी घातली. टेबलापाशी बसले. खिडकीच्या गजांतून हात आत आला. डावी अनामिका.

टोचलं.

८ जानेवारी, सोमवार

नामदेवांना गाठलं. भिकाच्या घरी गोळ्या देऊ नका म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हटलं, शंका आहे. त्यांनी वही मागितली, उघडली, बोट ठेवलं. पुन्हा तपासले, चांगले. “ताई, हे तुमचंच अक्षर ना?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, पंधरा तारखेला पाड्यावर सरसकट गोळ्या द्यायच्या आहेत, तसा हुकूम आहे. सबनीस डॉक्टरसाहेबांचा कागद आला तर ते घर सोडीन. तुमच्या शब्दावर नाही.

माझ्या शब्दावर नाही.

९ जानेवारी

आज मान वर करून पाहिलं. बारा दिवस फक्त बोट पाहत होते. त्याला म्हटलं, डोळा दाखव. त्याने स्वतः पापणी खाली ओढली. आत पांढरं. डोळे पिवळे.

मी म्हटलं, तू गेलास. तो रागावला नाही. तेच म्हणाला. माझी सुई राहिली, बाय.

त्याची सुई खरंच राहिली आहे. त्याच्या नावावर त्याचं रक्त कुठेच नाही.

१० जानेवारी

वरचं पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. मांडणी नीट नव्हती म्हणून, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे सही करवत नव्हती.

वहीत क्रमांक १९ ची खोटी ओळ खोडली. वर लिहिलं: निळी. खाली नाव, पूर्ण. आज तो आला तेव्हा वही त्याच्यासमोर धरली. त्याला वाचता येत नाही. तरी बराच वेळ पाहत होता. मग गेला.

वाटलं, संपलं.

११ जानेवारी, गुरुवार

आठ वाजले. आज एकटा नाही —

त्याच्यामागे भिका. काल संध्याकाळी मी भिकाला वाणगावच्या बाजारात पाहिलं, मोळी विकत होता, जमनाबाईंशी भांडत होता. जिवंत. आणि इथे — ओठ पांढरे. त्याच्यामागे पारूच्या दोन पोरांचे लहान हात. त्यामागे म्हातारीचा, बांगड्या सैल. चारही बोटं पुढे.   सुका बाजूला सरकून त्यांना जागा करून देतो आहे.

टोचणार नाही. यांची वेळ अजून —

आत आले आहेत. टेबलाच्या पलीकडे. लिहीत राहिले की थांबतात. लेखणी थांबली की —

नामदेव दहाच्या गाडीने हे पाकीट मुंबईला नेतील, आपल्या हातात देतील. बाहेर त्यांची सायकल वाजली. पाकिटात वहीही घातली आहे. रंग न उडालेली ती पहिली नळीही.

धाकट्याने बोट टेबलावर ठेवलं. लाकडावर ओल आली. तांबडी नाही —

विनंती एकच. भिका कुऱ्हाडा याच्या घरी गोळ्या देऊ नयेत, असा आपल्या सहीचा हुकूम नामदेवांच्या नावे शनिवार, १३ जानेवारीपर्यंत तारेने यावा. माझ्याविषयी काय ठरवायचं ते नंतर कळवलं तरी चालेल. मी इथून कुठे जात नाही. उत्तर शनिवारपर्यंत द्यावं. रविवारी तारघर बंद असतं, आणि सोमवारी सकाळी आठला नामदेव पाड्यावर —