रेघ ओढण्याआधीचा करार

४ ऑगस्ट, पिंप्राळा
सभेच्या भाषणाची सुरुवात लिहिली. "ज्यांचं माणूस स्वतःच्याच घरात वाट चुकतं, अशा माझ्या सोबत्यांनो! आपल्यासाठी इमारती बांधतात, देणगीदारांच्या पाट्या लागतात, पण तुम्हाला काय लागतं असं आपल्याला कुणीही..." मोठ्याने वाचत होतो. मालती आतून म्हणाली, "इतला काबर वरडस?"
एवढं ओरडतोस कशाला, म्हणे. पेन ठेवलं.
जन्मभर शाळेत प्रमाण मराठी शिकवलेली ही बाई. आजार वाढला तशी माहेरच्या बोलीत परत गेली. 'अहो' गेलं, आता 'तू'. लग्नानंतर पहिल्यांदाच. आवडतं मला. कुणाला सांगायचं नाही.

९ ऑगस्ट
विस्मरणाचा आजार झालेल्यांच्या दिवसभराच्या केंद्रासाठी आम्हा कुटुंबांची सभा. धुळ्याची आर्किटेक्ट ऋतुजा आली होती. अध्यक्ष नाना (धरणगावचे, कापसाच्या जिनिंगवाले) लगेच, "ताई, चित्र कुठंय?"
"चित्र नाही, नाना. आधी करार."
"बांधकामाचा ना?"
"त्याच्या आधीचा. कुणाला काय लागतं हे समजून घ्यायचा. तो वेगळा टप्पा, वेगळा करार."
"समजायचं काय त्यात? खोल्या, संडास, वॉचमन. लिहा, झालं काम!" सभा हसली.
आपल्याकडे हे असंच. प्लॉटवर आधी रंगीत फ्लेक्स लागतो, मग नारळ फुटतो, आणि आत कोण राहणार हा प्रश्न वास्तुशांतीच्या जेवणावळीत निघतो.

१० ऑगस्ट
ऋतुजाच्या कराराचा मसुदा दोनदा वाचला. संस्थेच्या वतीने अंतिम हो-नाही म्हणणारं माणूस एकच, रोज नवा मालक नको. शेवटी ती गरजांचं टिपण देणार, ते आमच्या मालकीचं. पटलं नाही तर दोघं मोकळे, टिपण दुसऱ्या आर्किटेक्टला द्या म्हणते. आणि कलम चार: जे तिथे दिवस काढणार, त्यांच्यासोबत त्यांच्या घरी वेळ घालवल्याशिवाय नकाशाची एकही रेघ ओढणार नाही.
ढीगभर जाहीरनामे वाचले, काही स्वतः लिहिले. इतकं साधं वचन एकातही नव्हतं.

१७ ऑगस्ट
सही व्हायची आहे, तरी ऋतुजा आली. म्हणाली, नमुना म्हणून एक घर बघते. मला विचारलं, काकूंना काय लागतं? मी व्याख्यानच दिलं. शांतता, स्वतंत्र खोली, घट्ट लागणारं दार. तिने सगळं लिहून घेतलं. मग मालतीजवळ जाऊन बसली.
"तू कोनी पोर शे?"
"धुळ्याची, काकू."
"मंग बस. गवार मोड."
दुपारभर दोघी गवार मोडत होत्या. मोडून झालेली मा.ने परत टोपलीत टाकली. ऋतुजा हसत पुन्हा बसली. तिन्हीसांजेला मी दूध आणायला गेलो, परतलो तेव्हा ऋतुजा निघायच्या तयारीत.

१८ ऑगस्ट
आज पुन्हा आली.
"भाऊ, काकू कधी बिथरतात?"
"दिवेलागणीला. दार ठोकत बसते. 'माले घर जानं शे.' घरातच असते, तरी."
"काल तुम्ही दुधाला गेलात तेव्हा मी दार उघडलं. त्या ओट्यावर जाऊन बसल्या. शेजारणी बोलत होत्या, त्या ऐकत राहिल्या. कुठेही गेल्या नाहीत."
माझा आवाज चढला. "गेली असती तर? मागे चाळीसगावच्या फलाटावर सापडलीये ती! कुलूप मी हौसेने लावतो का?"
"नाही, भाऊ. म्हणूनच ओटा हवा, आणि तो रस्त्यावर उघडायला नको. हे दोन्ही मला ऑफिसात बसून सुचलं नसतं."


१९ ऑगस्ट
संध्याकाळी दार उघडलं, तिच्या शेजारी बसलो. समोरच्या अक्का म्हणाल्या, "भाऊ, आज भाषण नाही वाटतं?" मा. खळखळून हसली. किती दिवसांनी!

२६ ऑगस्ट
नानांचा फोन. ओळखीतल्या एकाने नकाशा फुकट दिलाय, फ्लेक्सही छापलाय, दसऱ्याला भूमिपूजन. "भाऊ, ते कलम चार काढून टाका. परकी बाई लोकांच्या घरात दिवसभर बसणार, बरं दिसतं का?"
चित्र पाठवलं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, घट्ट दारं. दारात कारंजं. कारंजं सोडलं तर मी मागितलं होतं तेच सगळं.
ऋतुजाला सांगितलं. "कलम काढलं तर मी नाही करणार, भाऊ. त्यांनी दुसरं कुणी घ्यावं. राग नाही."
राग मलाच आला. नानांवरही धरवत नाही. आईला घास भरवल्याशिवाय तो माणूस स्वतः जेवत नाही.

६ सप्टेंबर
उद्या मतदान. कलम राहणार की नाही, सांगता येत नाही. अर्धे लोक म्हणतात, फुकटचं का सोडायचं.
सकाळी मा.ला सभेला नेण्याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं, ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यातलं एकही माणूस आजवर एकाही सभेला आलेलं नाही. आपणच शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगून येतो आणि त्यांच्या गरजांवर बोलतो.
नानांना म्हटलं, आईंना आणा.
"सभेत ओरडेल ती, भाऊ."
"ओरडू द्या. माझं नाही का ऐकत इतकी वर्षं?"
हसले. हो म्हणाले नाहीत.
उद्यासाठीचं भाषण फाडलं. सगळ्यांना एवढंच पाठवलं:
"मत कुठल्याही बाजूने द्या. पण उद्या सभेला एकटे येऊ नका. आपलं माणूस हाताला धरून सोबत आणा."