कानबाईच्या रोटाची यादी ॲपवर

१२ जुलै २०२५, शनिवार
मोफत टेम्प्लेट मिळाला. पुतणी धनश्री कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते, तिनेच शोधून दिला. ॲप शून्यातून बांधायचं नसतं म्हणे. तयार सांगाडा घ्यायचा, रंग आणि नावं बदलायची. ती म्हणते आठ दिवस लागतील. मी पाच धरतो.

१३ जुलै, रविवार
भाऊबंदांच्या बैठकीत जाहीर केलं. कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या गव्हाच्या पोळ्यांसाठी, घरोघरच्या पुरुषांची यादी यंदा ॲपवर. एकवीस घरं, माणशी सव्वा मूठ गहू. ज्याचं नाव सुटलं त्याच्या नावाचा रोट नाही, म्हणून यादी चोख हवी. इतकी वर्षं माझे थोरले चुलतभाऊ मगनआबा ती वहीत लिहीत. त्यांना मानाने निवृत्त केलं. त्यांनी वही उचलून काखेत घेतली. आनंद झाला असावा.

१५ जुलै
नारळ फोडून टेम्प्लेट लॅपटॉपवर उतरवला. सोबत इंग्रजीत लांबलचक सूचना आहेत. वाचल्या नाहीत. भाव शुद्ध असला की पुरे.

१९ जुलै
टेम्प्लेट निळा निघाला. देवीच्या कामाला निळा? बावीस वर्षं इथे गुजरातेत, पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये रंगाच्या शेड जुळवतोय. हळदीचा पिवळा हवा. चार दिवस त्यातच गेले. उज्ज्वला म्हणाली, कालही हाच पिवळा होता. संसार चांगला करते, पण शेडमधलं तिला कळत नाही.

२० जुलै
धनश्रीने विचारलं, काका, नोंदी साठवणार कुठे? म्हटलं, पोरी, आधी रूप, मग बाकीचं. ती गुजरातीत काहीतरी पुटपुटली.

२४ जुलै
अमावस्या. काम बंद. पाचाचे बारा दिवस झाले, पण पाया पक्का होतोय.

२७ जुलै, रविवार
लिंक ग्रुपवर टाकली. टेम्प्लेटमध्ये नमुन्यासाठी दिलेला जॉन नावाचा गृहस्थ यादीतून निघत नाही. राहू दे. भाऊबंद नाही, त्यामुळे रोट मागणार नाही.
संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे निरोप आले. डिंडोलीहून गोपाल, कतारगामहून कुंदन. नाव भरलं, हिरवी खूण आली. एकवीस घरं, एकवीस हिरव्या खुणा. देव्हाऱ्यापुढे बसून राहिलो.

३१ जुलै, गुरुवार
परवा गहू मोजायचे, रविवारी कानबाई. यादी उघडली. माझं घर आणि जॉन. बाकी कोणी नाही.
तीनदा बंद करून उघडली. तेच दोघं. धनश्रीला बोलावलं.
"काका, ज्याने भरलं त्याच्याच मोबाइलमध्ये राहिलंय," ती म्हणाली. "ही नुसती दर्शनी बाजू आहे. मागे काहीच नाही. सूचनांच्या पहिल्याच पानावर लिहिलंय."
म्हणजे महाद्वार झालं, सभामंडप झाला, गाभारा राहिला. टेम्प्लेट देणाऱ्याने निदान मोठ्या अक्षरात लिहायचं.
उज्ज्वला म्हणाली, घरोघरी फोन करा. फोनच करायचे तर ॲप कशाला केलं? आणि विचारू काय, तुम्ही भरलेलं कुठे गेलं म्हणून?

१ ऑगस्ट, शुक्रवार
पाळी सुटल्यावर मगनआबांकडे गेलो. म्हटलं, ॲपची यादी जुन्या वहीशी पडताळून पाहावी, एवढंच.
आबांनी वही पुढे केली. जुनी नव्हे, यंदाची. गोपालकडे तीन, कुंदनकडे पाच, परवा बाळ झालं त्या दत्तूकडे आता दोन. हिरवी खूण आली की जो तो आबांना फोन करत होता. आबा, तिकडे टाकलंय, तुम्ही पण लिहून ठेवा.
घरं मोजली. वीस. पुन्हा मोजली. माझं नव्हतं. मी एकट्यानेच फोन केला नव्हता.
आबांनी चष्मा पुसला.
"तुना घर माणसं कितला?"
"दोन," म्हटलं. मी आणि मुलगा महेश.
पान भरलं होतं. आबांनी समासात उभं लिहिलं.